सनद मिळाली, पुढे काय?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांच्या दारात पालकांची ये-जा सुरू होते. फार्मसी, नर्सिंग, डी.एड., आयटीआय या नेहमीच्या प्रश्नांत अलीकडे एक नवा प्रश्न मिसळला आहे: "पोरगी वकिली करते म्हणते, करू द्यावी का?" या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जरूर करू द्यावी. अवघड प्रश्न त्यानंतर सहा-सात वर्षांनी येतो. तोच बाप पुन्हा भेटतो आणि म्हणतो, "सनद मिळून दीड वर्ष झालं. रोज काळा कोट घालून कोर्टात जाणं चालू आहे, पण घरात रुपया येत नाही. सोडायला सांगू का?"

आपल्या तालुक्यांतली बरीच वकिली या दुसऱ्या प्रश्नापाशी संपते. परीक्षेत नापास होऊन संपत नाही, तर पास होऊन, सनद घेऊन, पेटीत ठेवून संपते. मुलगा दुकानात बसतो, मुलीचे लग्न होते. घरात एक वकील होता होता राहतो. म्हणून या लेखात आम्ही वकिली कशी शिकावी यापेक्षा ती कशी उभी राहते, हे सांगणार आहोत. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात राहून, बापाचा किंवा चुलत्याचा वकिलीचा वारसा नसताना, ती उभी राहू शकते का? राहू शकते. पण तिच्या काही अटी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या घरच्यांनी पाळायच्या आहेत.

सनदेपर्यंतचा रस्ता

आधी रस्ता थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पदवी मिळाली की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नावनोंदणी करायची. यालाच आपण सनद म्हणतो. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते. तिच्यात शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, टिपा नसलेली कायद्याची पुस्तके सोबत नेता येतात आणि ती मराठीतूनही देता येते. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीच्या धाकाने या वाटेला न जाण्याचे कारण नाही.

सनदेच्या शुल्काबद्दल अनेक घरांत अजून जुनीच भीती आहे. बऱ्याच राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त घेता येणार नाही. ते शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळे. गरीब घरातल्या मुलासाठी हा निकाल मोठा दिलासा आहे. गाऊनचीही घाई नको. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत गाऊन सक्तीचा नाही. काळा कोट आणि पांढरा बँड पुरतो.

मोठ्यांचीही पहिली वर्षे कोरडीच गेली

आता त्या कोरड्या वर्षांबद्दल. ज्यांची नावे आज आपण आदराने घेतो, त्यांचीही सुरुवात कशी झाली ते पाहा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून मोठ्या पदव्या आणि बॅरिस्टरी घेऊन आले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनदेच्या पैशांसाठी त्यांना नवल भथेना या पारशी मित्राची मदत घ्यावी लागली. हायकोर्टात मोठी कामे सॉलिसिटर देत, आणि ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टराकडे फिरकत नसत. मग बाबासाहेबांनी मुंबईबाहेरची, लहान माणसांची कामे घेतली. घर चालवण्यासाठी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. याच काळात, १९२६ मध्ये, 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि बागडे यांच्यावर झालेला पुण्याचा गाजलेला खटला त्यांनी लढवला आणि आपले पक्षकार सोडवून आणले. हे नाव एका दिवसात झाले नव्हते. मधली तीन वर्षे शिकवणी आणि किरकोळ कामांवर काढली होती.

दुसरे उदाहरण बद्रुद्दीन तय्यबजींचे. १८६७ मध्ये ते मुंबई हायकोर्टात वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. १८९५ मध्ये त्याच कोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. पण त्यांच्या यशात एक गोष्ट आपण विसरतो. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे आधीच सॉलिसिटर होते. घरात हात धरणारे कोणी होते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की नव्या वकिलाला काय लागते ते कळते. हात धरणारे कोणी तरी, आणि काम नसतानाच्या दिवसांची रोटी. आपल्या मुलामुलींना घरात कमरुद्दीन नाहीत. म्हणून हात धरणारे सिनिअर शोधावे लागतात, आणि रोटीची जबाबदारी घराने घ्यावी लागते.

सिनिअर कसा निवडावा

सिनिअर निवडताना नावाच्या मोठेपणावर जाऊ नये. ज्या ऑफिसात पंधरा ज्युनिअर बसतात, तिथे सोळाव्याला फाईल हातात यायला वर्ष लागते. त्यापेक्षा वेळेवर कोर्टात हजर राहणारे, ज्युनिअरला मसुदा लिहायला लावणारे आणि तो लाल पेनने दुरुस्त करून देणारे वकीलसाहेब शोधावेत. ते कोणत्या समाजाचे आहेत हे पाहण्याचे कारण नाही. बार रूममध्ये माणूस कामावरून ओळखला जातो.

पैशाचे म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, अशी सूचना काढली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याला एवढे मिळेलच असे धरून घराचा हिशेब मांडू नये.

पहिल्या वर्षात शिकायचे ते असे: रोजनामा वाचणे, नकलेचा अर्ज करणे, पुरसीस देणे, पुकारा झाला की हजर राहून तारीख घेणे, बेलिफाकडून समन्स बजावले गेले का पाहणे. हे काम हलके वाटते. पण शिरस्तेदार, बेलिफ, टायपिस्ट, स्टँप व्हेंडर या सगळ्यांशी अदबीने बोलायला ज्याला येते, त्याची निम्मी वकिली इथेच उभी राहते. सिनिअरचा सरतपास आणि उलटतपास ऐकत बसणे हाही अभ्यासच आहे. कोणता प्रश्न विचारला यापेक्षा कोणता विचारला नाही, हे वहीत लिहून ठेवावे.

तालुक्यात काम कुठून येते?

शेवगावला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे कोर्ट आहे. जिल्हा न्यायालय नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आपला जिल्हा हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो. नव्या वकिलाला वाटते की खरे काम नगरला किंवा औरंगाबादला. पण शेतकऱ्याच्या तालुक्यात काम पायाखाली असते.

बांधावरचा वाद, वाटप, फेरफारावरची हरकत, शेतरस्ता. यातले बरेचसे काम तहसील कचेरीतच चालते. अडवलेला रस्ता मोकळा करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आजही वापरले जाते. नव्या वकिलाने तहसीलला कमी लेखू नये. तिथे सातबारा, फेरफार आणि नकाशा वाचायला येतो, आणि ज्याला सातबारा वाचता येतो त्याच्याकडे गाव येते.

कापूस, ऊस आणि दुकानदारीच्या गावात चेक न वटण्याचे दावे असतात. इथे दिवस मोजता यायला हवेत. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोहोचल्यावर १५ दिवस थांबणे, नंतर एक महिन्यात फिर्याद. एक तारीख चुकली तर खरा धनकोही हरतो.

घरोघरी लागणारी कामे म्हणजे वारसाचा दाखला, बँकेतल्या रकमेसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, पोटगी, नोटीस आणि तिचे उत्तर. मोठे वकील या कामांना वेळ देत नाहीत. नव्या वकिलाची पहिली स्वतंत्र कामे हीच. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले आहेत. पोटगीचे जुने कलम १२५ आता कलम १४४ झाले आहे. तीस वर्षे जुने आकडे पाठ असलेल्यांनाही नवे पुस्तक उघडावे लागते. नव्या मुलांनी ही संधी समजावी.

उर्दूची पुंजी

एक गोष्ट आमच्या विषयातली. आपल्या तालुक्याला गोदावरीपलीकडचे पैठण आणि शेजारचे गेवराई लागून आहेत. तो मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या जुन्या जमिनींचे, विशेषतः मशीद, दर्गा आणि मंदिरांच्या खिदमतमाश इनामांचे कागद, मुंतखब, उर्दूत आहेत. वक्फ मंडळाचे मुख्यालय आणि वक्फ न्यायाधिकरणही औरंगाबादलाच. हे कागद वाचता येणारे लोक वर्षागणिक कमी होत चालले आहेत.

ज्या घरात उर्दू अजून वाचली जाते, त्या घरातल्या वकिलाच्या हातात ही पुंजी आहे. छापील उर्दू पुरेशी नाही, शिकस्ता म्हणजे घसटलेले हस्ताक्षर वाचायचा सराव हवा. दादा-नानांच्या जुन्या चिठ्ठ्या, खरेदीखते घेऊन बसावे. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या कागदांसाठी मोडी शिकावी. आणि तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी असल्याने दावा आणि कैफियत स्वच्छ मराठीत लिहिता यावी. तिन्ही ज्याला जमले, त्याला दुसऱ्या तालुक्यांतूनही बोलावणे येईल.

डायरी, पावती आणि खरा सल्ला

वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत ती मनाई आहे. बोर्डही माफक आकाराचाच लावायचा. मग काम वाढते कसे? एका पक्षकाराने दुसऱ्याला सांगितल्याने. आणि तो काय सांगतो? "वकीलसाहेब हुशार आहेत" असे क्वचित सांगतो. "फोन उचलतात, तारीख सांगतात, पैशाची पावती देतात" असे सांगतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून तीन सवयी लावाव्यात. पहिली, डायरी. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, आणि ९० दिवसांपुढे कोर्ट सहसा ऐकत नाही. गैरहजेरीने दावा निघाला तर तो पुन्हा घ्यायला ३० दिवस. या मुदती डायरीत आधी लिहायच्या. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पक्षकाराला स्वतः तारीख पाहता येते. तो क्रमांक त्याला लिहून द्यावा. जो वकील पक्षकाराला अंधारात ठेवत नाही, त्याच्यावर संशय घेतला जात नाही.

दुसरी, पावती. फी वेगळी, कोर्ट फी आणि स्टँपचा खर्च वेगळा, दोन्ही लिहून द्यायचे. पक्षकाराचा पैसा आपल्या हाती अमानत असतो. तो घरखर्चात मिसळायचा नाही. जमिनीच्या दाव्यात "जिंकलो तर एवढा हिस्सा माझा" असे ठरवणे नियमाने गैर आहे. कोर्टाच्या दारात गिऱ्हाईक गाठून देणारे दलालही असतात. त्यांच्याकडून पहिले काम लवकर मिळते, पण नाव कायमचे जाते.

तिसरी सवय सर्वांत कठीण. "हा दावा करू नका" असे सांगण्याची. दोन भावांचा फूटभर बांधाचा वाद दहा वर्षे चालतो आणि दोघांच्याही मुलांचे शिक्षण त्यात जाते. तडजोड होत असेल तर लोकअदालत आहे. तिथे प्रकरण मिटले तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. असा सल्ला दिला की आजची फी बुडते, पण त्या गावातली पुढची दहा माणसे तुमच्याकडे येतात.

या तिसऱ्या सवयीची परीक्षा आपल्याच घरांत होते. वालिदांच्या इंतकालनंतर भाऊ बहिणीला घेऊन येतात आणि म्हणतात, "हक्कसोड पत्र करायचं आहे, ताई सही करायला तयार आहेत." ताई मान खाली घालून बसलेल्या असतात. नव्या वकिलाला हे सोपे काम वाटते. पण त्याने भावांना पाच मिनिटे बाहेर बसवावे, ताईंना कागद मोठ्याने वाचून दाखवावा, सही केल्यावर काय जाईल ते सांगावे आणि मगच विचारावे. बहिणीचा हिस्सा शरिअतने ठरवला आहे, तो गप्प बसण्याने संपत नाही. असा वकील एखादे काम गमावेल. पण त्या तालुक्यातल्या बहिणींना आपला माणूस मिळेल.

"आपलाच भाचा आहे"

आता आपल्या बिरादरीकडे वळू. मुलाला सनद मिळाली की पहिले पक्षकार नातेवाईक. मामू म्हणतात, "नोटीस तेवढी लिहून दे." खाला म्हणतात, "कोर्टात जातोसच रोज, माझी तारीख बघून ये." चाचा चहा पाजतात आणि तोच फी समजतात. त्याच मामूंचे मोठे काम निघाले की ते नगरच्या नावाजलेल्या वकिलाकडे जातात आणि ठरलेली फी मुकाट मोजतात. म्हणजे फुकटचे काम भाच्याला आणि पैशाचे काम परक्याला. अशाने भाचा टिकणार कसा? गरिबाचे काम फुकट करणे सवाबाचे आहे. ऐपत असलेल्याने फुकट करून घेणे हा हक्क मारणे आहे. मामूजान, थोडी का होईना, फी द्या आणि पावती मागा. भाच्याला सवय लागेल आणि तुमच्या कामालाही वजन येईल.

मुलींची वकिली

मुलींबद्दल थोडे अधिक. या देशात स्त्रियांना वकिली करण्याचा हक्क १९२३ च्या कायद्याने मिळाला. त्यासाठी झगडलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६ चा. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या त्या एक मुस्लिम बाई, केरळच्या फातिमा बीवी. १९५० मध्ये त्यांनी सनद घेतली आणि सुरुवात केली ती दिल्लीत नाही, कोल्लमच्या खालच्या कोर्टात. तिथून मुन्सिफ, जिल्हा न्यायाधीश, हायकोर्ट, आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालय. कायदा शीक, असा आग्रह त्यांच्या वडिलांनी धरला होता. हे नाव प्रत्येक बापाने लक्षात ठेवावे.

तालुक्याचे कोर्ट मुलींना खरे तर सोयीचे आहे. वेळ ठरलेली, घर जवळ. पोटगी, खुला, मारहाण, मुलांचा ताबा अशा प्रकरणांत बायका पुरुष वकिलापुढे अर्धेच बोलतात. उरलेले अर्धे ऐकायला बाई हवी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. तीन वर्षांच्या अनुभवानंतर त्या समितीच्या यादीवर वकील म्हणून नाव घालता येते. सरकार फी देते, काम मिळते आणि गरजू बाईला आधार होतो.

न्यायाधीश व्हायची इच्छा असेल तरी हीच वाट. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे कोरडी वाटणारी ती वर्षे आता पात्रतेत मोजली जातात.

घराने काय करावे

शेवटी पालकांसाठी, अगदी हिशेबाच्या भाषेत. कायद्याच्या शिक्षणाला पाच वर्षे लागतात असे न धरता आठ धरा. पाच कॉलेजची, तीन कोर्टाची. लग्नासाठी किंवा घरावर मजला चढवण्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून त्या तीन वर्षांचा प्रवास, मोबाईल आणि पुस्तके यांचा खर्च आधीच वेगळा ठेवा. समोरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुलपाचे कपाट द्या. संध्याकाळी दोन तास ती जागा तिची. "आज किती मिळाले?" असे रोज विचारू नका. "आज काय शिकलीस?" असे विचारा. घरी येणाऱ्या पक्षकाराची गोष्ट दस्तरखानावर चर्चेला घेऊ नका. तीही अमानत आहे.

मुलीचे स्थळ पाहताना वकिली चालू राहील का, हे बोलणीतच विचारा. "नंतर बघू" या उत्तराला होकार समजू नका. सासर दुसऱ्या तालुक्यात असले तरी बिघडत नाही. सनद सगळीकडे चालते, फक्त नवा सिनिअर आणि नवी बार रूम शोधावी लागते.

आणि सनद पेटीत पडून असलेल्या बहिणींनो, बंधूंनो, बार परीक्षा राहिली असेल तर तिचा पुढचा अर्ज भरा. वय झाले असे समजू नका. या आठवड्यात एकदा कोर्टात जा, मागच्या बाकावर बसून दिवसभराचे काम ऐका. ओळखीच्या वकीलसाहेबांना किंवा मॅडमना विचारा, "मला ज्युनिअर म्हणून घ्याल का?" दोघे-तिघे नाही म्हणतील, कोणी तरी हो म्हणेल, इन्शाअल्लाह. तेवढ्यावर सुरुवात होते.